एम्युलेटरचं अँड्रॉइड व्हर्जन बदलण्याआधी हे वाचा: माझ्या २४० नोंदी कशा गेल्या

"एम्युलेटरमधलं अँड्रॉइड ९ चं १३ कसं करू?" असं कुणी नव्याने शिकणारं विचारतं, तेव्हा माझ्या पोटात आजही गोळा येतो. कारण हाच प्रश्न घेऊन मी एका रात्री बसले होते आणि पहाटे उठले तेव्हा साडेतीन आठवड्यांचं काम गेलेलं होतं. म्हणून उत्तर आधीच सांगते. एम्युलेटरचं, म्हणजे पीसीवर चालणाऱ्या नकली फोनचं, व्हर्जन बदलत नाही. हव्या त्या व्हर्जनचं दुसरं डिव्हाइस, म्हणजे दुसरा नकली फोन, बनवायचं असतं आणि जुनं आहे तिथेच राहू द्यायचं असतं. एवढं कळलं आणि पटलं असेल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण मलाही हे वाचून "कळलं" होतं. पटलं नव्हतं, म्हणून पुढचं सगळं लिहिते आहे.

माझं ॲप छोटंसंच होतं. वाचनालयातली पुस्तकं, ती कुणी नेली, परत कधी येणार आणि त्या तारखेला वाजणारी एक आठवण. इंटर्नशिपच्या मुलाखतीत दाखवायला म्हणून मी त्यात हाताने २४० पुस्तकं भरली होती, खऱ्या वाटतील अशा देवघेवीच्या नोंदींसकट. एम्युलेटरवर होतं अँड्रॉइड ९, म्हणजे एपीआय २८ (एपीआय हा अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आतला क्रमांक, १३ चा तो ३३). तिथे सगळं सुरळीत चालायचं. मग एका मैत्रिणीने ते तिच्या अँड्रॉइड १३ च्या फोनवर टाकलं आणि म्हणाली, "आठवण येतच नाहीये गं." कारण साधं होतं. १३ पासून नोटिफिकेशन दाखवायला वापरणाऱ्याची वेगळी परवानगी लागते आणि मी ती मागतच नव्हते. पण हे समजायला मला माझ्या पीसीवर १३ हवं होतं, आणि मुलाखत तीन दिवसांवर होती.

आधी मी एम्युलेटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीम अपडेट दाबलं. "तुमची सिस्टीम अद्ययावत आहे" असं उत्तर आलं. नव्या माणसाला इथेच पहिला चकवा बसतो. फोनला अपडेट येतं ते फोन बनवणारी कंपनी पाठवते म्हणून. एम्युलेटरला असं कुणी पाठवणारं नसतं. त्याची सिस्टीम इमेज, म्हणजे अँड्रॉइडची तयार प्रत, पीसीवरच्या एसडीकेच्या (ॲप बनवायच्या साधनांच्या संचाच्या) फोल्डरमध्ये असते, फक्त वाचण्यापुरती, आणि त्या इमेजवर बनवलेली तुमची सगळी डिव्हाइसं तीच एक इमेज वापरतात. तुम्ही जे इन्स्टॉल करता, लिहिता, साठवता ते त्या त्या डिव्हाइसच्या स्वतःच्या डेटा फाइलमध्ये जातं. एसडीके मॅनेजरमध्ये इमेजला कधीकधी अपडेट दिसतं, पण ते त्याच एपीआयच्या इमेजची सुधारित आवृत्ती असते. २८ ची इमेज कितीही वेळा अपडेट केली तरी ती २८ च राहते. प्ले सर्व्हिसेस आपोआप अपडेट होतात, त्यानेही अँड्रॉइड बदलत नाही. आणि प्रोजेक्टमधला कम्पाइल एसडीके (ॲप कोणत्या व्हर्जनच्या साधनांनी बांधायचं तो आकडा) ३३ केला म्हणून एम्युलेटर १३ होत नाही. हेसुद्धा मी करून पाहिलं होतं, त्यात एक तास गेला.

मग एका सिनियरला फोन केला. तो म्हणाला, "अगं, डिव्हाइसच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग.आयएनआय आहे, त्यात सिस्टीम इमेजचा रस्ता लिहिलेला असतो. ती एक ओळ बदल, झालं." मी ३३ ची इमेज उतरवली, ओळ बदलली, डिव्हाइस सुरू केलं. अँड्रॉइडचा लोगो आला आणि तिथेच राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं.

इथे मी दुसरी आणि खरी चूक केली. मला वाटलं, ओळ परत पहिल्यासारखी केली की सगळं पूर्ववत होईल. तसं झालं नाही. ही गोष्ट मी तीनदा सांगेन, कारण मला कुणी एकदाही सांगितली नव्हती. नवं अँड्रॉइड जुन्या डेटावर एकदा सुरू झालं की ते त्या डेटाला हात लावतं. आतली सिस्टीमची डेटाबेस, परवानग्यांच्या फाइली, पॅकेजांच्या याद्या स्वतःच्या पद्धतीने बदलायला घेतं. लोगोवर अडकलेलं दिसतं तेव्हाही आत हे काम चालू झालेलं असू शकतं. आणि अँड्रॉइडला खालच्या व्हर्जनवर डेटासकट उतरता येत नाही. म्हणजे वर जाताना अडकलात आणि मागे फिरलात, तर मागचं दारही बंद झालेलं असू शकतं. माझं झालं होतं. २८ च्या इमेजवरही तोच लोगो, तसाच थांबलेला. स्नॅपशॉट (डिव्हाइसची साठवून ठेवलेली स्थिती) न वापरता कोल्ड बूट केलं, म्हणजे अगदी पहिल्यापासून सुरू केलं, तरी तेच.

पुन्हा सिनियरला फोन. "वाइप डेटा कर, चालू होईल." केलं. चालू झालं. कोरं करकरीत.

त्या माणसाबद्दल माझ्या मनात राग नाही, त्याने वेळ दिला होता. पण मार्गदर्शकांबद्दल माझं एक ठाम मत त्या रात्रीपासून झालं आहे. जो उपाय सांगण्याआधी "त्या डिव्हाइसमध्ये तुझं काय आहे?" असं विचारत नाही, त्याचा सल्ला ऐकायचा, पण लगेच अमलात आणायचा नाही. तो त्याच्या एम्युलेटरचा विचार करून बोलत असतो. त्याच्या एम्युलेटरमध्ये जपण्यासारखं काही नसतं, तुमच्या एम्युलेटरमध्ये असतं. पुढे नोकरीत मला एक ताई भेटली. काहीही विचारलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "बॅकअप कुठे ठेवलायस?" सुरुवातीला चीड यायची. आज नवीन मुलांना मीही तोच प्रश्न आधी विचारते.

आता नीट रस्ता. अँड्रॉइड स्टुडिओत डिव्हाइस मॅनेजर उघडा, नवं डिव्हाइस तयार करा, हवी ती सिस्टीम इमेज निवडा आणि नावातच व्हर्जन लिहा. बटणं सापडतील, ती मी सांगत बसत नाही. निवडताना दोन गोष्टी बघा. साध्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या पीसीवर एक्स८६_६४ ची इमेज घ्या, आर्मची (मोबाइलच्या प्रोसेसरसाठीची) घेतली तर ती सुरूच होणार नाही किंवा फार रखडेल. आणि प्ले स्टोअरची खूण असलेल्या इमेजवर रूट, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा, मिळत नाही. आतल्या फाइली मोकळेपणी बघायच्या असतील तर गूगल एपीआयवाली इमेज घ्या. एकेक इमेज एक जीबीच्या वर असते आणि डिव्हाइसची डेटा फाइल वेगळी फुगते, तेव्हा सी ड्राइव्हवर जागा आहे का ते आधी बघा. नसेल तर विंडोजच्या सेटिंग्जमधलं अँड्रॉइड_एव्हीडी_होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दुसऱ्या ड्राइव्हकडे वळवून डिव्हाइसच्या डेटा फाइली तिकडे ठेवता येतात.

डिव्हाइस फारच रखडत असेल तर व्हर्जनला दोष देण्याआधी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये व्हर्च्युअलायझेशन (पीसीच्या आत दुसरी सिस्टीम वेगाने चालवायची प्रोसेसरची सोय) चालू दिसतंय का ते पाहा. बंद असेल तर बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन ते चालू करावं लागतं. जुन्या लेखांमध्ये एम्युलेटरला वेग देणारं इंटेलचं एचएएक्सएम टाका असं लिहिलेलं सापडेल. ते इंटेलने २०२३ मध्ये बंद केलं, त्याच्या मागे लागू नका. विंडोजचं स्वतःचं हायपरवायझर प्लॅटफॉर्म पुरतं.

जे गेमसाठीचे एम्युलेटर वापरून शिकायला सुरुवात करतात त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. ब्लूस्टॅक्स ५ मधला ५ हा त्या सॉफ्टवेअरचा आकडा आहे, अँड्रॉइडचा नाही. एलडीप्लेअर ९ मध्ये मात्र अँड्रॉइडही ९ च आहे, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. ब्लूस्टॅक्स अपडेट केलं म्हणून आतलं अँड्रॉइड वर जात नाही. तिथेही मल्टी-इन्स्टन्स मॅनेजरमध्ये जाऊन नवा, फ्रेश इन्स्टन्स (तिथल्या भाषेत वेगळं डिव्हाइस) करायचा आणि व्हर्जन तिथे निवडायचं. नूगा म्हणजे ७, पाय म्हणजे ९, त्यापुढे ११. क्लोन करू नका. क्लोन जुन्याचीच नक्कल असते, व्हर्जनही तेच येतं. आणि पाहुणा म्हणून खेळलेल्या गेमची प्रगती बहुतेक वेळा त्या इन्स्टन्सबरोबरच जाते, म्हणून आधी ती खात्याला जोडा.

एक शॉर्टकट व्हिडिओंमध्ये फार फिरतो: रूट करून बिल्ड.प्रॉप फाइलमधला व्हर्जनचा आकडा बदला. करू नका. त्याने फक्त पाटी बदलते. सेटिंग्जमध्ये १३ लिहिलेलं दिसेल, पण आतली यंत्रणा ९ चीच असेल. माझ्या ॲपची नोटिफिकेशनची अडचण अशा पाटीवर मला कधीच दिसली नसती आणि मी ती दुरुस्त झाली असं समजून मुलाखतीला गेले असते. टेस्टिंग शिकणाऱ्या माणसाला खोटं उत्तर देणारं साधन काहीच नसण्यापेक्षा वाईट.

डेटा नव्या डिव्हाइसवर न्यायचा असेल तर त्याचीही एक खोच आहे, आणि तिच्यातही मी अडकले होते, दुसऱ्या वेळी. शहाणी होऊन मी डिव्हाइस एक्सप्लोररमधून ॲपच्या डेटाबेस फोल्डरमधली मुख्य .डीबी फाइल काढून घेतली, नव्या डिव्हाइसवर ठेवली, ॲप उघडलं. जुन्या नोंदी होत्या, पण शेवटच्या दोन दिवसांच्या गायब. रूम (अँड्रॉइडवर डेटाबेस हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर नव्या नोंदी बहुधा आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि नंतर सवडीने मुख्य फाइलमध्ये जातात. म्हणून त्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या तीन फाइली दिसतात: मुख्य, शेवटी -वॉल असलेली आणि शेवटी -एसएचएम असलेली. ॲप पूर्ण बंद करा आणि तिन्ही एकत्र उचला. ठेवतानाही नव्या डिव्हाइसवर ॲप एकदा उघडून बंद करा, तिथल्या तिन्ही काढून टाका, मग तुमच्या ठेवा. हे फक्त तुम्ही स्वतः बनवलेल्या डीबग ॲपला, म्हणजे तपासणीसाठीच्या आवृत्तीला, जमतं. दुसऱ्याच्या ॲपच्या फोल्डरमध्ये असं शिरता येत नाही, निदान रूटशिवाय नाही.

यावर माझा कायमचा उपाय म्हणजे ॲपमध्येच निर्यात आणि आयात ठेवायची. सगळ्या नोंदी एका जेसन फाइलमध्ये बाहेर, आणि तीच फाइल परत आत. एक दिवसाचं काम आहे. सरावाचं ॲप असलं तरी हे करा, खरं तर सरावाच्या ॲपमध्येच करा, कारण डिव्हाइस पुसायची वेळ शिकतानाच सगळ्यात जास्त येते.

तुमचं आधीच गेलं असेल आणि तुम्ही आत्ता त्याच कोऱ्या पडद्यासमोर बसला असाल, तर ऐका. तुमचा कोड शाबूत आहे. तो एम्युलेटरमध्ये नव्हताच, प्रोजेक्टमध्ये आहे. गेला तो भरलेला डेटा. मी २४० नोंदी पुन्हा भरल्या नाहीत, तेवढे दिवसच नव्हते. ॲप पहिल्यांदा उघडताना चाळीस पुस्तकं आपोआप भरतील असं वीसेक ओळींचं काम केलं. मग एपीआय ३३ चं नवं डिव्हाइस बनवलं, परवानगी मागणारा संवाद टाकला आणि पहिली आठवण वाजली तेव्हा रडू आलं. मुलाखतीत त्यांनी चाळीस काय आणि दोनशे चाळीस काय, पुस्तकं मोजली नाहीत. "९ वर चालतं ते १३ वर का बंद पडलं?" एवढंच विचारलं, आणि त्याचं उत्तर मला आतून माहीत होतं.

सुरुवात करताना किती व्हर्जनं ठेवायची, हा पुढचा प्रश्न असतो. मी चार ठेवते, आणि प्रत्येकाला कारण आहे. एक तुमच्या ॲपचं सगळ्यात खालचं, म्हणजे मिन एसडीके जो असेल तो. दुसरं एपीआय ३०, अँड्रॉइड ११, कारण तिथे फाइली साठवण्याचे नियम कडक झाले आणि जुना कोड नेमका तिथे तुटतो. तिसरं ३३, नोटिफिकेशनसाठी. चौथं त्या वेळचं सगळ्यात नवं. एका वेळी एकच चालू ठेवते, रॅम पुरत नाही. नवं डिव्हाइस पहिल्यांदा सुरू झालं की आधी टर्मिनलमधून गेटप्रॉप (डिव्हाइसची माहिती दाखवणारी आज्ञा) वापरून एसडीकेचा, म्हणजे एपीआयचा, आकडा वाचते, आणि तो जुळला तरच त्यावर ॲप टाकते. जुनं डिव्हाइस पुढचे पंधरा दिवस तसंच ठेवते. जागा कमी पडली तर दुसरं काहीतरी काढते.