विशिष्ट विषयाच्या विकीवर नवं पान करावं का? असं ठरवा

एखाद्या खास विषयाला वाहिलेल्या विकीवर, म्हणजे अनेकांनी मिळून लिहिलेल्या संकेतस्थळावर, नवं पान सुरू करताना बहुतेक जण आधी विचारतात, "विषय महत्त्वाचा आहे ना?" हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते हे, की हा विकी कोणासाठी आहे आणि त्याची हद्द कुठे संपते.

म्हणून सुरुवात धोरणाच्या पानापासून करा. 'काय चालतं, काय नाही' अशा अर्थाचं पान सहसा मदत विभागात असतं. विकिव्हॉयेज या प्रवासविषयक विकीची कसोटी मला फार आवडते: त्या ठिकाणी मुक्काम करता येतो का? शहरात करता येतो, म्हणून शहराला स्वतंत्र पान. त्याच शहरातलं संग्रहालय कितीही नावाजलेलं असो, ते शहराच्या पानातच येतं. मोठ्या राष्ट्रीय उद्यानांसारखे अपवाद आहेत, पण नियमामागचं कारण पक्कं आहे. प्रवाशाला सगळं एका ठिकाणी हवं असतं. प्रत्येक वास्तूचं वेगळं पान केलं तर त्याला हिंडत बसावं लागेल. इंग्रजी विक्शनरी या शब्दकोश-विकीचा निकष अगदी वेगळा. तिथे शब्द प्रत्यक्ष वापरात असल्याचा पुरावा लागतो. भरपूर लिखित साहित्य असलेल्या भाषांसाठी साधारणपणे वर्षाहून जास्त काळात पसरलेले 3 स्वतंत्र वापर दाखवावे लागतात. तुम्ही काल घडवलेला शब्द कितीही सुंदर असला तरी तिथे टिकणार नाही.

मग शोध घ्या. पर्यायी नावं, जुनी नावं, वेगळी शुद्धलेखनं, सगळी टाकून बघा. पान पूर्वी होतं आणि काढलं गेलं असेल, तर काढल्याच्या नोंदीत कारण सापडतं. ते न वाचता तेच पान पुन्हा करू नका.

आता तीन-चार वाक्यं लिहून बघा, पण फक्त त्या विकीच्या अंगाने. समजा विषय एक पक्षी आहे. विकिस्पेशीज या जीवजातींच्या विकीवर त्याचं शास्त्रीय नाव, वर्गीकरण, मूळ वर्णन कुठे प्रसिद्ध झालं याचा संदर्भ, एवढं हवं असतं. तुमच्याकडे त्याच्याविषयीच्या लोककथाच असतील, तर पक्षी त्या विकीचा असूनही तुमचा मजकूर त्या विकीचा नाही. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

संदर्भांचंही पाहायला हवं. विकिपीडिया विषयाशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह स्रोतांमधली सविस्तर दखल मागतो. छोटे विकी उल्लेखनीयतेबाबत, म्हणजे विषय पान करण्याइतका दखलपात्र आहे का याबाबत, बरेचदा सैल असतात, आणि ते योग्यच आहे. सर्वसाधारण विश्वकोशात न मावणारा तपशील जपणं हेच त्यांचं काम. पण दुसऱ्याला पडताळता येणार नाही अशी माहिती कुठेच देऊ नये.

सांगण्यासारखं चार ओळींचंच असेल, तर आधीपासून असलेल्या संबंधित पानात विभाग जोडा आणि विषयाच्या नावाने पुनर्निर्देशन ठेवा, म्हणजे ते नाव शोधणारा थेट त्या पानावर पोचेल. माहिती वाढली की वेगळं पान करता येतं.

एवढं करूनही मन ठरत नसेल, तर मसुदा धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) ठेवा आणि चर्चा पानावर नेमका प्रश्न विचारा: "हा विषय अमुक नियमात बसतो असं मला वाटतं, कारण…" 'चालेल का?' एवढंच विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. नकार आला तर कोणता विकी योग्य ठरेल तेही विचारा. तिकडे मजकूर हलवताना दोन्हीकडचे परवाने (मजकूर पुन्हा वापरण्याच्या अटी) जुळतात का ते बघा, आणि मसुद्यात इतरांनी भर घातली असेल तर त्यांचं श्रेय सोबत न्या.