टॅबलेटवरून सिंथ चालवायचा? वायफायवरून मिडी जोडण्याची रीत

टॅबलेटच्या काचेवर बोट सरकवायचं आणि पलीकडच्या टेबलावरच्या सिंथचा (सिंथेसायझरचा) फिल्टर उघडायचा, मध्ये वायर नाही. मिडी, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती संदेशांची भाषा, वायफायवरून पाठवली की हे सहज जमतं. अडतं ते क्रमात. बहुतेक जण पहिल्यांदा वायफायशी झटापट सुरू करतात आणि तासाभराने कळतं की सिंथचा चॅनलच (ज्या क्रमांकावरचे संदेश तो ऐकतो तो) वेगळा होता. म्हणून इथे आधी वायरीचा भाग पक्का करू, मग नेटवर्ककडे वळू.

लागणारं सामान असं: टॅबलेट (मी आयपॅड धरून चाललोय, अँड्रॉइडचं पुढे) आणि त्यावर मिडी पाठवणारं एखादं ॲप, वायफाय राउटर, कॉम्प्युटर, यूएसबी मिडी इंटरफेस (कॉम्प्युटर आणि सिंथ जोडणारा डबा) आणि पाच पिनांच्या मिडी केबल. कॉम्प्युटर इथे फक्त पुलाचं काम करतो. मिडी १९८३ साली आलं, तेव्हाच्या सिंथला नेटवर्क काय ते ठाऊक नाही, आणि आजच्याही बहुतेक सिंथना ते कळत नाही. नेटवर्कवरून आलेला संदेश कोणीतरी त्याच्या मिडी इन सॉकेटपर्यंत पोचवावा लागतो. कॉम्प्युटर नको असेल तर इथरनेट आणि पाच पिनांची सॉकेटं एकाच डब्यात असलेली यंत्रं मिळतात, आयकनेक्टिव्हिटीचा मिओएक्सएम त्यातलाच. स्टेजवर वाजवणाऱ्याने तोच रस्ता धरावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मिडीमधून आवाज जात नाही. कुठली पट्टी किती जोरात दाबली, कुठली खुंटी किती फिरवली, एवढेच आकडे जातात. सिंथचा आवाज नेहमीच्या ऑडिओ केबलनेच मिक्सरला जाणार.

आधी वायर

इंटरफेसचा आउट सिंथच्या इनमध्ये आणि सिंथचा आउट इंटरफेसच्या इनमध्ये लावा. स्वस्त यूएसबी-मिडी केबल वापरत असाल तर तिच्या टोकांवर लिहिलेल्या ‘इन’ आणि ‘आउट’वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही उत्पादक ते टोक स्वतः काय आहे ते लिहितात, काही ते कुठे खुपसायचं ते लिहितात. काहीच वाजत नसेल तर सगळ्यात आधी दोन्ही टोकं अदलाबदल करून पाहा.

आता कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही संगीताच्या सॉफ्टवेअरमधून एक सूर पाठवा. सिंथ वाजला पाहिजे. नाही वाजला तर सिंथच्या मेनूत रिसीव्ह चॅनल बघा. चॅनल १६ असतात, पण काही सॉफ्टवेअर ते १ ते १६ मोजतात आणि काही ० ते १५, त्यामुळे एका घराचा फरक पडू शकतो. इथे सूर ऐकू येईपर्यंत टॅबलेटला हात लावू नका.

मग नेटवर्क

नेटवर्कवरून मिडी पाठवायच्या या पद्धतीला आरटीपी-मिडी म्हणतात. तिचं प्रमाण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये आरएफसी ६२९५ या नावाने सुधारलं गेलं. मॅक आणि आयपॅडमध्ये ती आधीपासूनच असते, विंडोजवर टोबियास एरिक्सन यांचा आरटीपीमिडी हा मोफत ड्रायव्हर घालावा लागतो, आणि त्याला नेटवर्कवरची उपकरणं शोधून देणारी बोनजूर ही सेवाही लागते.

१. टॅबलेट आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आणा. गेस्ट वायफाय नको, कारण त्यावरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच बहुतेक राउटरची रचना असते. शक्य असेल तर कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडा आणि टॅबलेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवा.

२. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडा, ‘विंडो’ मेनूतून मिडी स्टुडिओ दाखवा आणि नेटवर्कच्या चिन्हावर जा. ‘माय सेशन्स’खाली अधिकचं चिन्ह दाबून सेशन बनवा आणि त्यासमोर टिक करा. विंडोजवरच्या ड्रायव्हरची खिडकीही जवळपास अशीच आहे.

३. टॅबलेटवरच्या ॲपमध्ये नेटवर्क मिडी चालू करा. आयपॅड पहिल्यांदा ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी विचारतो. घाईत ‘नको’ म्हटलं गेलं असेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी विभागात जाऊन ती द्या. ही परवानगी नसेल तर ॲप चूक काय ते सांगत नाही, नुसतं गप्प बसतं.

४. कॉम्प्युटरच्या ‘डिरेक्टरी’ यादीत आता आयपॅडचं नाव दिसेल. ते निवडून ‘कनेक्ट’ दाबा. नाव ‘पार्टिसिपंट्स’मध्ये आलं की जोडणी झाली.

५. त्याच खिडकीत ‘लाइव्ह राउटिंग्ज’चे दोन पर्याय असतात. एकात नेटवर्कवरून आलेलं सगळं सिंथ जोडलेल्या इंटरफेसच्या पोर्टकडे वळवा, दुसऱ्यात सिंथकडून आलेलं नेटवर्कवर सोडा. ही पायरी लोक हमखास विसरतात. जोडणी हिरवी दिसते, ॲपमधले फेडर हलतात, आणि सिंथ मात्र ढिम्म.

६. ॲपमध्ये मिडी आउट म्हणून ‘नेटवर्क सेशन १’ निवडा आणि सिंथचाच चॅनल ठेवा.

डिरेक्टरीत नावच येत नसेल तर विंडोजवर फायरवॉल बघा. यूडीपीचे ५००४ आणि ५००५ हे पोर्ट मोकळे हवेत, आणि नेटवर्क ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेलं हवं. कधी कधी राउटर बंद करून चालू करणं हाच उपाय असतो, हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

वायफायवर काय सोडावं, काय सोडू नये

पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एक सूर सुरू करणाऱ्या संदेशाला साधारण एक मिलिसेकंद लागतो. नेटवर्क याहून कितीतरी वेगवान आहे, तेव्हा वेग ही अडचण नाहीच. अडचण आहे ती अनियमितपणाची. वायफायवर एक पाकीट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) तीन मिलिसेकंदांत पोचतं आणि पुढचं वीस मिलिसेकंदांत.

फिल्टर, आवाजाची पातळी, पॅच (सिंथमध्ये साठवलेला आवाज) बदलणं यात हे कळतही नाही. सावकाश उमलणारे लांब आवाज, म्हणजे पॅडही वाजवता येतात. पण मिडी क्लॉक (यंत्रांना एका लयीत ठेवणारे ठोके) वायफायवरून पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लॉकमध्ये एका मात्रेला २४ ठोके जातात. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) दोन ठोक्यांमधलं अंतर जेमतेम २१ मिलिसेकंद होतं. त्यातच पंधरा-वीसची चलबिचल झाली तर ड्रम मशीन डुलायला लागणारच. क्लॉक कॉम्प्युटरकडून किंवा ड्रम मशीनकडून केबलनेच द्या. तेवढ्यानेही भागत नसेल तर टॅबलेटला इथरनेट ॲडॅप्टर लावता येतो. सेशन तेच राहतं, फक्त मधलं वायफाय गळतं.

जुन्या सिंथचे पॅच टॅबलेटवरून पाठवणार असाल तर उलटा घोळ होतो. ॲप सिस्टिम एक्स्क्लुझिव्हचे (त्या त्या सिंथपुरत्या खास माहितीचे) मोठे संदेश धडाधड सोडतं, सिंथची छोटी मेमरी भरते आणि तो अर्ध्यातच चूक दाखवतो. ॲपमध्ये संदेशांमधलं अंतर वाढवायची सोय शोधा आणि पॅच एकेक करून पाठवा.

सिंथच्या पट्ट्या दाबल्यावर दुहेरी सूर येऊ लागले तर सूर टॅबलेटपर्यंत जाऊन परत येतोय. सिंथचा ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबताच सिंथने स्वतः वाजण्याची सोय) बंद करा किंवा ॲपमधला थ्रू (आलेला संदेश परत पुढे पाठवण्याची सोय) बंद करा, दोन्ही एकदम नको.

अँड्रॉइडमध्ये मिडीची सोय ६.० आवृत्तीपासून आहे, पण नेटवर्क सेशन आयपॅडसारखं आयतं मिळत नाही, त्यासाठी आरटीपी-मिडी बोलणारं वेगळं ॲप लागतं. ते नको असेल तर यूएसबी केबल लावून कनेक्शनच्या पर्यायांत ‘मिडी’ निवडा, टॅबलेट कॉम्प्युटरला साधं मिडी उपकरण म्हणून दिसेल.

वाजवायला बसण्याआधी टॅबलेटचं आपोआप लॉक होणं बंद करा, कारण पडदा झोपला की सेशनही तुटतं. आरटीपी-मिडीत हरवलेली पाकिटं भरून काढायची तजवीज आहे, त्यामुळे एखादं पाकीट गळालं म्हणून सूर अडकून राहत नाही. पण जोडणीच तुटली तर अडकू शकतो. तेव्हा ॲपच्या पडद्यावर एका बटणाला कंट्रोल चेंज १२३ लावून ठेवा, त्याने त्या चॅनलवरचे सगळे सूर सुटतात. मात्र तुटलेल्या जोडणीवरून हाही संदेश जाणार नाही, म्हणून असंच एक बटण कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्येही हाताशी असू द्या.