कॅमेरा काढायच्या आधी: साध्या वस्तूंच्या स्टॉक फोटोंची तयारी

स्टॉक फोटो म्हणजे कुणीही विकत घेऊन लेखात किंवा जाहिरातीत वापरावा म्हणून आधीच काढून साइटवर ठेवलेला फोटो. त्याची सुरुवात कागद आणि पेन्सिलीने करा, कॅमेरा अजून कपाटातच राहू दे. कागदाच्या मधोमध वस्तूचं नाव लिहा, समजा ‘चावी’, आणि खाली लिहा की हा फोटो विकत घेणारा माणूस शोधताना काय टाइप करेल. तो नुसतं ‘चावी’ टाइप करून थांबत नाही. त्याला नव्या घराबद्दल लेख सजवायचा असतो, विम्याचं माहितीपत्रक छापायचं असतं, नाहीतर पासवर्ड सांभाळण्याबद्दल चार ओळी लिहायच्या असतात. चावी तीच, पण नव्या घरासाठी ती उघड्या तळहातावर हवी, विम्यासाठी जुडग्यात आणि पासवर्डसाठी कीबोर्डच्या शेजारी. कागदावर असे चार-पाच उपयोग सुचले तर वस्तू टेबलावर आणा. एकही सुचला नाही तर ती वस्तू कितीही देखणी असली तरी आज तिला सुट्टी.

मग असे फोटो विकणाऱ्या एजन्सीच्या साइटवर जाऊन तीच वस्तू शोधून बघा. २००३ मध्ये शटरस्टॉक ही अशीच एक साइट सुरू करताना संस्थापक जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेले सुमारे ३०,००० फोटो टाकले होते. एका माणसाचे फोटो दुकान मांडायला पुरत होते, असा तो काळ. आज पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा पांढरा कप शोधलात तर पानं संपता संपत नाहीत. तिथे आणखी एक कप नेऊन काही होणार नाही. त्या गर्दीत काय दिसत नाही ते बघा. माझा अनुभव असा की नव्याकोऱ्या वस्तूंचा पूर आहे आणि वापरात असलेल्या वस्तूंची वानवा आहे. अर्धा झिजलेला खोडरबर, गुंता झालेली चार्जरची वायर, जोडी हरवलेला एकटा मोजा, पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब. यातल्या प्रत्येकात एक गोष्ट दडलेली आहे, आणि कुणाला तरी तीच हवी असते.

वस्तू ठरल्या की भिंग घेऊन बसा. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करा. आता नाव शोधायचं: कंपनीचं नाव, चिन्ह, क्रमांक, बारकोड, काहीही. मी एकदा कात्रीचे फोटो काढले होते. पात्यावरचा छाप आधीच दिसला होता, म्हणून कात्री उलटी ठेवली. अख्खी दुपार खर्च केली आणि एजन्सीने सगळे फोटो नाकारले. कारण वाचून कात्री पुन्हा उचलली, तेव्हा दिसलं की दोन पाती जोडणाऱ्या मधल्या स्क्रूच्या डोक्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत, कंपनीचं चिन्ह कोरलेलं आहे. तेव्हापासून माझी शोधायची ठिकाणं ठरलेली आहेत: पेनाची क्लिप, कपाचं बूड, चावीचं डोकं, घड्याळाची तबकडी, चेनची सरक-पट्टी, शर्टाचं बटण, आणि वायरच्या अंगावर लांबवर छापलेली बारीक अक्षरं. या शेवटच्या जागेने मला दोनदा फसवलंय.

नाव सापडलं तर वस्तू फिरवा. फिरवून भागत नसेल तर नंतर संगणकावर पुसायचं, हे कागदावर टिपून ठेवा. पण काही वस्तूंचा आकारच त्यांची ओळख असतो. काही फोन, काही खेळणी, नामांकित डिझायनरच्या खुर्च्या यांच्यावरचं नाव पुसलं तरी त्या ओळखू येतात, आणि व्यावसायिक वापरासाठी एजन्सी त्या नाकारू शकते. कपावरचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, टपाल तिकीट हेही कुणीतरी काढलेलं असतं, म्हणून तेही दूर. नोटा आणि नाण्यांचे नियम देशागणिक वेगळे, तेव्हा पहिल्या खेपेला पैसे टेबलावर आणूच नका. ब्रँड दिसणारे फोटो ‘एडिटोरियल’ या वर्गात देता येतात, पण ते बातमीला किंवा लेखाला चालतात, जाहिरातीला नाहीत. आणि माणूस ओळखू येत असेल तर त्याची सही असलेला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटो वापरायच्या परवानगीचा कागद, हवा. नुसत्या हातांसाठी सहसा लागत नाही, पण हातावर ठसठशीत टॅटू असेल तर दुसरा हात शोधा.

आता सफाई. ही पायरी लोक उरकतात आणि माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. डोळ्याला स्वच्छ दिसणारी वस्तू कॅमेऱ्याला स्वच्छ दिसत नाही. आपण रोज बघून बघून तिच्यावरचे डाग बघायचं सोडून दिलेलं असतं. एजन्सीचा तपासणारा मात्र फोटो शंभर टक्के मोठा करून बघतो, आणि त्या आकारात कापडाचा एक धागासुद्धा दोरखंडासारखा दिसतो. म्हणून हवा मारायचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, चष्मा पुसायचं मायक्रोफायबर कापड आणि सुती हातमोजे आधीच काढून ठेवा. स्टिकर काढल्यावर मागे राहणारा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो, पण प्लॅस्टिक असेल तर आधी न दिसणाऱ्या बाजूवर थेंबभर लावून बघा, कारण काही प्लॅस्टिक त्याने पांढरं पडतं. काचेची वस्तू धुतल्यावर आपोआप वाळू देऊ नका, पाण्याचे गोल डाग राहतात. काळी चकचकीत वस्तू असेल तर कपाळाला हात लावायची तयारी ठेवा. पुसून वळेपर्यंत तिच्यावर नवी धूळ बसलेली असते. तिच्यावरून ब्लोअर अगदी शेवटी, शटर दाबायच्या क्षणभर आधी फिरवायचा.

शक्य असेल तर प्रत्येक वस्तू दोन-दोन घ्या. एकीवर प्रकाश आणि फोकस जमवायचा, तोवर दुसरी कापडाखाली झाकलेली. पेन्सिलीसारख्या वस्तूला तर चार लागतात. गिरमिटाने केलेल्या टोकाजवळचं लाकूड जवळून बघा: त्यावर आडव्या बारीक रेघा असतात, कडेचा रंग दातेरी तुटलेला असतो आणि शिशाची करडी भुकटी लाकडावर पसरलेली असते. साध्या डोळ्याला यातलं काही दिसत नाही. चारांतलं एखादंच टोक कॅमेऱ्यापुढे ठेवण्याजोगं निघतं. गिरमिटातून निघालेली ती गोल झालर मात्र टाकू नका, पेन्सिलीशेजारी ठेवली की फोटोत ‘काम चालू आहे’ हे आपोआप येतं.

जागेसाठी मोठी खोली लागत नाही. थेट ऊन न येणारी खिडकी, तिच्याकडेला टेबल, आणि पांढऱ्या कार्डशीटचा मोठा तुकडा. तो भिंतीवर चिकटवून घडी न पाडता टेबलावर उतरवा, म्हणजे मागे टेबल आणि भिंतीची रेघ दिसत नाही. ऊन येतच असेल तर काचेवर बटर पेपर लावा. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला की काळी सावली निवळते. वस्तूही पांढरीच असेल तर थर्माकोलऐवजी तिथे काळा कागद लावून बघा, तिची कड उठून दिसेल. खोलीतला दिवा बंद हवा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा आणि पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० च्या आसपास. दोन्ही मिसळले की वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळी येते, आणि ते नंतर सारखं करताना जीव जातो. अंगातला शर्टसुद्धा बघा. लाल शर्ट घालून पांढऱ्या कपावर वाकलात तर कप लाजल्यासारखा गुलाबी होतो.

चमकणाऱ्या वस्तूंसाठी वेगळी तयारी. चमचा टेबलावर ठेवून त्यात डोकावून बघा. खिडकी दिसते, ट्रायपॉडचे तीन पाय दिसतात आणि त्यांच्यामागे पोट सुटलेले तुम्ही दिसता. हे सगळं फोटोत येतं. मोठ्या पांढऱ्या कार्डशीटला लेन्सपुरतं भोक पाडून तिच्यामागे लपायचं. चमच्याला मग आजूबाजूला पांढरं सोडून काही दिसत नाही, फक्त भोकाचा एक काळा ठिपका उरतो, तो पुसणं सोपं. चमचा जागेवर राहावा म्हणून खाली पुन्हापुन्हा वापरता येणाऱ्या चिकट पुट्टीचा बारीक गोळा लावा, तो समोरून दिसता कामा नये.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. ट्रायपॉड हवाच. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) १००, अॅपर्चर एफ ८ ते ११ (हे लेन्सच्या छिद्राचं माप), दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः फेरफार न केलेली. एफ १६ च्या पुढे गेलात तर फोटो उलट मऊ पडायला लागतो. पांढरी पार्श्वभूमी कॅमेऱ्याला करडीच करायची असते, कारण त्याचा मीटर सगळं मध्यम करडं धरून चालतो, म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे उजळ-गडद भागांच्या आलेखावर, लक्ष ठेवा. लेन्स ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब बरी. रुंद लेन्स घेऊन जवळ गेलात की कप फुगलेला दिसतो. फोनही चालतो. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोन्ही साइटवर किमान ४ मेगापिक्सेलची अट आहे, ती आजचा कुठलाही फोन सहज पार करतो. फक्त मुख्य लेन्स वापरा, झूम नको, आणि पार्श्वभूमी खोटी पुसट करणारा पोर्ट्रेट मोड तर मुळीच नको. कपाचा कान तो हमखास कुरतडतो.

कोणते फोटो काढायचे तेही आधीच कागदावर मांडा. आडवा, उभा, वरून सरळ खाली बघणारा. वस्तू डावीकडे आणि उजवीकडे मोकळी जागा, मग त्याउलट. ही मोकळी जागा नवख्यांना चूक वाटते, पण मथळा तिथेच बसणार असतो. मात्र एका वस्तूचे पंधरा जवळजवळ सारखे फोटो पाठवू नका, एकसारखेपणासाठीही फोटो नाकारले जातात. पंधरा काढा, चार पाठवा. अडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीतला ३३ टक्के हिस्सा देतं, आणि सबस्क्रिप्शनवर गेलेल्या फोटोची मुळात रक्कमच लहान असते. म्हणून एकदा प्रकाश जमला की त्याच बैठकीत चार-पाच वस्तू उरकणं परवडतं. त्यांचा क्रम ठरवताना काळी आणि काचेची वस्तू आधी घ्या, हात दमलेले नसताना.

कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांनी फोटो शोधला जातो ते, शूटिंगनंतर सुचत नाहीत, कंटाळा येतो. पण पहिल्या कागदावर ते अर्धे लिहिलेलेच आहेत: नवं घर, विमा, सुरक्षा. शटरस्टॉक ७ ते ५० कीवर्ड घेतं, अडोबी स्टॉक ४९ पर्यंत, आणि अडोबीकडे पहिल्या दहांना जास्त वजन असतं, तेव्हा महत्त्वाचे वर ठेवा. फोटोत नसलेली गोष्ट भरू नका. शीर्षक साधं: काय आहे, कुठे आहे, काय चाललंय.

आणि टेबलाजवळ लॅपटॉप चार्ज करून ठेवा. शूटिंग झालं की कार्ड तिथेच लावायचं, प्रत्येक फोटो शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे फिरायचे. धागा, ठसा, अक्षर सापडलं तर प्रकाश अजून तोच आहे आणि कात्री अजून जागेवर आहे, लगेच पुन्हा काढता येतं. टेबल आवरायचं ते त्यानंतर.