दोन ग्रंथ शेजारी ठेवताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात माझ्या अंबाजोगाईच्या घरी टेबलावर एम.ए.च्या प्रकल्पांचा ढीग पडतो. बीड, परभणी, लातूर, धाराशिव इकडची मुलं-मुली खूप खपून लिहितात. कुणी बसच्या प्रवासात वाचलेलं असतं, कुणी शेतातली कामं उरकून रात्री. आणि तरीही बहुतेक प्रकल्पांच्या शेवटच्या पानावर एक वाक्य भेटतंच: ‘दोन्ही ग्रंथांतून मानवी दुःखाचे प्रभावी चित्रण झाले आहे.’ यात चूक काढता येत नाही. पण हे वाक्य जगातल्या कुठल्याही दोन पुस्तकांबद्दल लिहिता येतं, ती न उघडताही लिहिता येतं. चार महिन्यांच्या मेहनतीच्या शेवटी हे हाती लागावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साहित्य आणि इतिहास एकत्र वाचताना तुलना बहुतेक वेळा एकाच जागी अडते. बोलणारा माणूस कुठं उभा राहून बोलतोय हे बघायचं राहून जातं आणि त्याचं बोलणं तेवढं उचलून दुसऱ्याच्या बोलण्याशेजारी मांडलं जातं. खालच्या सगळ्या चुका या एका विसरण्यातून होतात.

विषय जुळला की तुलना झाली, असं समजणं

दुष्काळ हा विषय झाला. दुष्काळाबद्दल लेखकाला काय म्हणायचंय, ते आशयसूत्र. बहात्तरच्या दुष्काळावरची कथा आणि त्याच वर्षाचा सरकारी अहवाल, दोन्हींत खडी फोडणारी माणसं आहेत. अहवालाला किती हातांना काम दिलं हे सांगायचं असतं. कथेला, ज्याच्या दारी कालपर्यंत सालगडी होता तो आज त्याच सालगड्याच्या शेजारी बसून खडी फोडतो तेव्हा त्याची नजर कुठं असते, हे सांगायचं असतं. तुमच्या मुख्य वाक्यात ‘दोन्हींत’ असेल आणि ‘तर’ नसेल, तर तुम्ही अजून विषयापाशीच आहात. ‘अहवाल माणसं मोजतो, तर कथा एका माणसाची लाज मोजते’ असं काही लिहिता आलं की काम सुरू झालं.

दोन ग्रंथ एकच सांगतात म्हणजे दोन साक्षीदार मिळाले, असं मानणं

ही चूक हुशार मुलं करतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

उदाहरण आपल्या घरचंच, देवगिरीचं. महंमद बिन तुघलकानं १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली आणि दौलताबाद नाव रूढ झालं. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो, दिल्ली अशी ओस पडली की कुत्रं-मांजरही मागं राहिलं नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताही उजाड दिल्लीचं वर्णन करतो. एका विद्यार्थिनीनं या दोघांना एकत्र बांधून लिहिलं होतं, ‘दोन समकालीन साक्षीदार एकमेकांना दुजोरा देतात.’ मी तिला एवढंच विचारलं, की यातल्या कोणी काय डोळ्यांनी पाहिलं?

बरनी या सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षं होता. पण ग्रंथ त्यानं पुरा केला १३५७ साली. तोवर महंमद तुघलक जाऊन सहा वर्षं झाली होती, नव्या दरबारात बरनीला जागा उरली नव्हती आणि म्हातारपणी त्याचे हाल चालले होते. राजा कुठं चुकतो हे पुढच्या राजांना कळावं, हा त्याच्या लिहिण्याचा एक उघड हेतू. कुत्र्या-मांजराचं ते वाक्य या जागेवरून आलंय.

इब्न बतूता हिंदुस्थानात आला १३३३ साली, म्हणजे स्थलांतराला सहा वर्षं होऊन गेल्यावर. सुलतान एका रात्री महालाच्या गच्चीवर चढला, शहरात ना दिवा दिसला ना धूर, तेव्हा तो म्हणाला, आता माझं मन शांत झालं. ही गोष्ट इब्न बतूता सांगतो खरी, पण आपल्याला ती विश्वासातल्या एका माणसानं सांगितली, हेही तो तिथंच नोंदवतो. आणि लगेच पुढं म्हणतो, आम्ही दिल्लीत आलो तेव्हा शहर रिकामं होतं, थोडीशीच वस्ती होती. ऐकलेलं आणि पाहिलेलं असं एकाच पानावर आहे. वाचणाऱ्यानं ते वेगळं केलं नाही, तर दोष इब्न बतूताचा नाही.

आता तिसरा आवाज. दिल्लीजवळच्या सारबनचा १३२८ चा संस्कृत शिलालेख. व्यापाऱ्यांनी विहीर खोदली त्याचा हा लेख, आणि तो म्हणतो, हरियाना नावाचा स्वर्गासारखा देश आहे, तिथं ढिल्लिका नावाची नगरी आहे. उजाडल्याचं अवाक्षर नाही. लगेच ‘बरनी खोटा’ असं लिहू नका. प्रशस्ती लिहिणारा नगरीला स्वर्गच म्हणणार, ती त्या लेखनाची रीत आहे. पण त्या साली विहिरीवर पैसा घालणारे व्यापारी तिथं होते, एवढं तर धरता येतं. मग प्रश्न बदलतो: दिल्ली कोणासाठी ओस पडली? दरबारी, उलेमा, सूफी, त्यांच्या आधारानं जगणारे, यांच्यासाठी पडली असेल. बरनी त्यांच्यातलाच.

आणि चौथा आवाज दौलताबादजवळच्या खुलताबादचा. सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब याच स्थलांतरात दिल्लीहून दख्खनेत आले, त्यांचा दर्गा तिथं आहे. त्यांच्या शिष्यपरंपरेच्या दृष्टीनं ही सगळी घटना एका ठिकाणाच्या आरंभाची आहे. बरनीला जे उजाडणं दिसतं, ते खुलताबादेत वसणं ठरतं. इतका फरक ‘मानवी दुःखाचे चित्रण’ या शब्दांत मावत नाही.

यावर मी मुलांना एक साधा उपाय देतो. वहीच्या पानावर चार रकाने पाडा: कोण बोलतंय, घटनेच्या वेळी ते कुठं होतं, लिहिलं कधी, आणि कोणासाठी लिहिलं. रकाने भरल्याशिवाय तुलनेचं पहिलं वाक्य लिहायचं नाही. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच ठेवा, अंदाजानं भरू नका.

ओळ तोडून घेणं

‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी.’ गंगाखेडच्या जनाबाईच्या नावावरचा हा अभंग आजच्या स्त्रीवादी कवितेशेजारी ठेवण्याचा मोह कोणाला होत नाही? ठेवा, जरूर ठेवा. पण मुलं पहिली ओळ घेतात, फार तर ‘आता मज मना कोण करी’ पर्यंत येतात, आणि ‘दोघी बंड करतात’ असं लिहून मोकळी होतात.

अभंग शेवटपर्यंत वाचा. ‘जनी म्हणे देवा मी झाले वेसवा, निघाले केशवा घर तुझे.’ ती निघालीय, पण कुणाच्या तरी घरी. लोक तिला जे म्हणतील असा धाक आहे, तो शब्द ती स्वतःच उच्चारते, आणि उच्चारते ते देवाजवळ. आजच्या कवितेतली बाई घराबाहेर पडते तेव्हा बहुतेकदा पुढं कोणाचं दार ठरलेलं नसतं. दोघींच्या पदरात साम्य आहे, जायच्या ठिकाणात नाही. तुलनेचा सगळा जीव या ठिकाणात आहे, आणि पहिली ओळ तोडली की तोच हातातून जातो.

जनाबाईला ‘स्त्रीवादी’ म्हणावं की नाही, या वादात मी शिरत नाही. लावायचं तर लेबल शेवटी लावा. आधी लावलं की डोळे तेवढंच शोधत बसतात.

कोणत्या पोथीवरून बोलताय, हे न सांगणं

थोडक्यात सांगतो, कारण उपाय सोपा आहे. लीळाचरित्र आणि ज्ञानेश्वरी दोन्ही यादवकाळातल्या. ‘एक गद्य म्हणून इतिहास, दुसरी ओवी म्हणून काव्य’ अशी वाटणी करू नका. लीळाचरित्रातल्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी स्वामींच्या शिष्यांना विचारून विचारून जमवल्या. पुढं मूळ पोथी हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरी १२९० ची, पण तिचा पाठ एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केला. तुम्ही एखाद्या शब्दावर सगळा निष्कर्ष उभा करणार असाल, तर तो शब्द कोणत्या प्रतीत आहे ते बघा. आजच्या सोप्या मराठीतल्या रूपांतरावरून ज्ञानेश्वरांच्या शब्दनिवडीबद्दल बोलणं तर अजिबात नको.

‘दोन्ही बाजू’ मांडल्या की न्याय झाला, असं वाटणं

सप्टेंबर आला की आमच्याकडं हैदराबाद मुक्तिसंग्रामावर, म्हणजे निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यावर, लिहिणाऱ्यांची गर्दी होते, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात.

पहिला अडखळा नावाचा. १९४८ साली १३ ते १७ सप्टेंबरला भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, त्याला सरकारी कागद ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आपण ‘मुक्ती’ म्हणतो, आणि उर्दूत ‘सुकूते हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचं पडणं. खेड्यातलं म्हातारं माणूस यातलं काहीच न म्हणता ‘रझाकाराच्या टायमाला’ म्हणतं. प्रत्येक नावात बोलणाऱ्याची जागा दडलेली आहे. प्रकल्पात एक नाव पहिल्या पानावर घेऊन पुढं सगळ्यांच्या तोंडी तेच घातलं, की तुलना तिथंच संपली.

मग रकाने भरा. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १७ सप्टेंबरपर्यंत तुरुंगात होते. त्यांच्या आठवणी आल्या १९६७ साली. कन्हैयालाल मुनशी भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत होते. त्यांचं पुस्तक १९५७ चं. मीर लायक अली निजामाचे पंतप्रधान होते, १९५० साली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले, आणि १९६२ साली त्यांनी आपली बाजू लिहिली. तिघं एकाच दिवसाबद्दल लिहितात: एक कोठडीतून, एक वकिलातीतून, एक खुर्ची सोडावी लागलेला. यांना दोन बाजूंत बसवताच येत नाही. शिवाय तिघांचंही म्हणणं मधोमध कापून ‘सत्य मध्ये कुठेतरी आहे’ असं लिहिणं म्हणजे काम टाळणं. कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावं जाळली, माणसं मारली, हे घडलं. आणि सैन्य आल्यानंतर मुसलमानांवर जे गुदरलं, तेही घडलं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं १९४८ च्या शेवटी फिरून पाहणी केली आणि मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या मध्ये धरला. उस्मानाबाद आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे सर्वाधिक झळ बसलेल्यांत गणले. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. एका गोष्टीनं दुसरी फिटत नाही. दोन्ही लिहायच्या, आणि ज्या पुस्तकात यातली एक गाळलीय तिथं ती गाळलीय असंही लिहायचं. पुस्तकाचं गप्प बसणं हाही त्याचा दृष्टिकोन असतो.

गेल्या वर्षीच्या एका मुलाचा प्रकल्प सांगतो. धाराशिव जिल्ह्यातला, निजामाच्या राज्याच्या जुन्या सरहद्दीजवळच्या गावचा. त्यानं स्वामीजींच्या आठवणी आणि आपल्या पणजीचं मोबाइलवर घेतलेलं बोलणं यांची तुलना केली होती. कल्पना उत्तम. त्या वेळी सरहद्दीवरची अनेक घरं रातोरात सोलापूर जिल्ह्यात, बार्शीकडं गेली, त्यातलंच हे एक. पणजी बोलली होती ती अशी:

‘पेवात जवारी हुती, ती तशीच ऱ्हायली. म्हशीचं दावं कापलं अन् सोडली तिला. बांधून ठिवली असती तर उपाशी मेली असती. मंग रातचं निघालाव.’

आणि मुलानं खाली लिहिलं होतं: ‘आजींना लढ्याच्या राजकीय आशयाची जाणीव नव्हती.’

मी ते वाक्य खोडलं नाही. त्याला समोर बसवून रकाने भरायला लावले. स्वामीजी संघटनेतल्या माणसांसाठी आणि देशासाठी लिहीत होते, म्हणून तिथं ठराव, सत्याग्रह, तुरुंग येतात. पणजी पणतूशी बोलत होती, घराच्या उंबऱ्यावर, म्हणून पेव आणि म्हैस येते. राज्य आपल्याला वाचवणार नाही, एवढं कळल्याशिवाय कुणी दुभत्या जनावराचं दावं कापत नाही. यापेक्षा राजकीय जाणीव ती कोणती? ‘एकाला राज्य बदलायचं आहे, तर दुसरीनं राज्यावरचा भरवसा सोडला आहे’ हे वाक्य त्यानं स्वतःच, माझ्यासमोर, पेन्सिलीनं लिहिलं. ‘तर’ आलं होतं.

घरच्या माणसांच्या बोलण्याला पुस्तकाची पट्टी लावून ते ‘अपुरं’ ठरवू नका. उलटही करू नका, आजी म्हणाली म्हणजे तेच खरं असंही नाही. साल, महिना, नावं तिच्याकडून पडताळायची नसतात, ती कागदावरून घ्यायची. कागद जे विचारत नाही ते तिला विचारायचं.

आणि एकदा विचारून थांबू नका, ही शेवटची चूक. पहिल्या खेपेला माणूस सांगून सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगतो. त्या मुलाला मी परत पाठवलं, एकच प्रश्न देऊन: तुमच्या गल्लीतली कोणकोणती घरं परत आली? पणजीनं डोळे मिटून वेशीपासून एकेक घर मोजलं. आलं, आलं, म्हातारी बार्शीतच वारली, आलं. मोजता मोजता ती एका घराशी थांबली. मुलानं विचारलं, हे कुणाचं?

‘तांबोळ्याचं,’ ती म्हणाली. ‘त्ये गेलंच न्हवतं कुटं. आमी मागं आलाव तवा न्हवतं.’