वस्तीतल्या लहान मुलांसाठी आरोग्याचा आराखडा कसा करावा

लहान मुलांसाठी काहीतरी करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत शिबिराची तारीख निघते. शिबिर पार पडतं, फोटोही निघतात. पण ज्या घरातलं मूल खरंच अशक्त आहे, ते घर नेमकं त्या दिवशी कामावर गेलेलं असतं. म्हणून कार्यक्रमाचं नंतर बघू. आधी मुलं मोजा.

१. वयाप्रमाणे यादी करा

दोघा-तिघांनी घरोघरी जाऊन चार रकाने भरावेत: गरोदर स्त्रिया, सहा महिन्यांच्या आतली बाळं, सहा महिने ते दोन वर्षं, आणि त्यापुढची, अजून शाळेत जायला न लागलेली मुलं. रकाने वेगळे, कारण गरजा वेगळ्या. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण झाले की दुधाच्या जोडीला मऊ, दाटसर वरचं अन्न. दूध मात्र दोन वर्षांपर्यंत, पुढेही चालेल. गर्भारपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणं अवघड जातं. माणसं कमी असतील तर पहिल्या तीन रकान्यांकडे आधी बघा.

भाड्याने राहणारी, हंगामी कामासाठी आलेली कुटुंबं आणि अपंगत्व असलेली मुलं यादीतून हमखास सुटतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी मारा.

२. बाळाचा दिवस विचारा

आराखड्याचा जीव या पायरीत आहे, तेव्हा घाई नको. छापील प्रश्नावली बाजूला ठेवा आणि गप्पा मारा. सकाळी उठल्यापासून बाळ कुणाजवळ असतं? दुपारी कोण भरवतं, किती वेळा? त्याच्याशी बोलतं, खेळतं कोण? जुलाब लागले तर आधी काय करता? रात्री ताप चढला तर दवाखान्यात न्यायचं कोण ठरवतं, जाता कशाने?

बाहेरून अज्ञान वाटणारी अडचण बऱ्याचदा वेळेची निघते. काय भरवायचं हे आईला पक्कं ठाऊक असतं, पण दुपारभर मूल आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं. तिथे आहारावरचं व्याख्यान काय कामाचं? तिथे पाळणाघर हवं.

आईचीही चौकशी करा. झोप लागते का, सारखं रडू येतं का, कशातच मन लागत नाही असं होतं का? बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. थकलेली, खचलेली आई एकटी पडली की बाळाचं खाणंपिणं आणि खेळणं दोन्ही मागे पडतं. वडिलांशी आणि आजी-आजोबांशीही बोला, कारण घरातले निर्णय बहुतेकदा तेच घेतात.

३. उत्तरं पाच बाजूंनी तपासा

जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली बालसंगोपनाच्या पाच बाजू मांडल्या: आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याच्या संधी, आणि बाळाच्या हाकेला-हावभावाला दिलेला प्रतिसाद. आराखड्यात लस आणि पोषण सहसा असतंच. उरलेल्या तीन बाजूंना काय मिळालंय ते बघा.

४. दोनच कामं निवडा

किती मुलांना त्रास आहे, तो किती गंभीर आहे आणि आपल्या हातात काय आहे, या तीन प्रश्नांवर निवडा. आरोग्य केंद्राकडे किंवा स्थानिक प्रशासनाकडे मागायच्या गोष्टींचा अर्ज वेगळा.

‘जनजागृती करणे’ असं लिहू नका. समजा, जुलाब हे काम निवडलं. मग ओआरएसची पाकिटं कुणाच्या घरी असतील, संपत आली की कोण आणेल, रात्री दवाखान्यात सोबत कोण जाईल, हे नावानिशी लिहा. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी सांगितलेले सगळे दिवस, म्हणजे साधारण १० ते १४ दिवस, द्यायचं. त्याची आठवण कोण करेल तेही लिहा. बाळ पीत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके आले असतील किंवा ग्लानीत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

५. मोजत राहा

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायला साधी पट्टी पुरते. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र आहे, मुलाला लगेच आरोग्य केंद्रात न्या. ११.५ ते १२.५ च्या मधल्या मुलांवरही लक्ष हवं. दोन्ही पावलांवर सूज असेल तर पट्टी काहीही दाखवो, उशीर करू नका. पट्टी कशी लावायची हे आरोग्यसेविकेकडून शिकून घ्या, आणि कुणाच्याही मुलाचा आकडा चारचौघांत वाचू नका.

दर तीन महिन्यांनी यादी नव्याने करा. तेवढ्यात मुलं एका रकान्यातून दुसऱ्यात गेलेली असतात. आढावा बैठक बायकांच्या कामाच्या वेळेत ठेवू नका, आणि तेवढा वेळ मुलं सांभाळायला एक माणूस तिथे नेमा.