एम्बेडेड लायब्ररीची नवी आवृत्ती कशी काढावी

मुख्य शाखेत शेवटचा बदल विलीन झाला, चाचण्या हिरव्या दिसल्या, की टॅग (कोडवर आवृत्तीच्या नावाची खूण) मारायला हात शिवशिवतात. तिथेच थोडं थांबा. एम्बेडेड म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांसाठीची आपली लायब्ररी ज्यांनी वापरली आहे त्यांची यंत्रं डब्यात बंद होऊन कुठे भिंतीवर, कुठे खांबावर, कुठे पंपाशेजारी लागलेली असतात. त्यातल्या कित्येकांना दुरून अपडेट घ्यायची सोयच नसते. फर्मवेअर (यंत्रात भरलेला प्रोग्रॅम) चुकलं तर कोणाला तरी केबल घेऊन तिथवर जावं लागतं. ती फेरी वाचवणं हे लायब्ररी सांभाळणाऱ्याचं काम आहे, असं मी मनापासून मानतो. पुढचा क्रम सी आणि सी++ मधल्या लहान लायब्ररींसाठी आहे: सेन्सरचे ड्रायव्हर, डिस्प्ले, प्रोटोकॉल वगैरे.

आधी मागच्या टॅगपासूनचा फरक वाचा

कमिटचे संदेश वाचून भागत नाही. मागचा टॅग आणि आजचा कोड यांतला पूर्ण फरक उघडा आणि हेडर फायलींपासून (लायब्ररीतली फंक्शन जिथे जाहीर केलेली असतात) सुरुवात करा. फंक्शनची नावं आणि पॅरामीटर बदलले आहेत का, हे पटकन दिसतं. न दिसणारे बदल जास्त त्रास देतात. स्ट्रक्टच्या (एकत्र बांधलेल्या फील्डच्या गटाच्या) मधोमध नवं फील्ड घुसवलं, तर क्रमाने किमती भरणाऱ्यांचा कोड कंपाइल होतो, पण किमती भलत्याच जागी बसतात. इनमच्या (आकड्यांना दिलेल्या नावांच्या यादीच्या) मध्ये नवं नाव घातलं तर पुढचे सगळे आकडे सरकतात. डीफॉल्ट वेग, डीफॉल्ट टाइमआउट, इंटरप्टमधून (हार्डवेअरच्या हाकेसरशी चालणाऱ्या कोडमधून) फंक्शन बोलावता येतं की नाही, यातलं काहीही बदललं असेल तर कागदावर टिपून ठेवा.

एक उदाहरण जवळून पाहू. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर घ्या. १२ बिट रिझोल्यूशनला एक मोजणी पूर्ण करायला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. समजा, जुन्या आवृत्तीतलं फंक्शन मोजणीचा हुकूम द्यायचं, तेवढा वेळ थांबायचं आणि मग आकडा परत करायचं. पाऊण सेकंद प्रोसेसर अडकून राहतो हे खरंच वाईट, म्हणून कोणी तरी चांगल्या हेतूने ती थांबण्याची ओळ काढली. फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तेच. जुना कोड एकही वॉर्निंग न देता कंपाइल होतो. पण आता मोजणी संपायच्या आतच वाचन होतं. वीज आल्यानंतरच्या पहिल्या वाचनात सेन्सर ८५ अंश सांगतो, कारण सुरुवातीला त्याच्या मेमरीत तोच आकडा भरलेला असतो. त्यानंतर मिळतो तो आधीच्या मोजणीचा, म्हणजे शिळा आकडा. सेन्सरची मर्यादा उणे ५५ ते १२५ अंश आहे, त्यामुळे ८५ हा अशक्य आकडा म्हणून डोळे झाकून गाळताही येत नाही. ज्याने या आकड्यावर पंखा किंवा हीटर जोडला आहे, त्याचं यंत्र सुरू होताच चुकीचा निर्णय घेतं.

यावर उपाय सोपा आहे. जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेवा आणि न थांबणारी दोन नवी फंक्शन द्या: एक मोजणी सुरू करणारं, दुसरं झालेला आकडा आणणारं. ज्याला हवं तो नव्यावर येईल.

मग आवृत्तीचा आकडा ठरवा

तीन भागांची पद्धत बहुतेकांना ठाऊक असते: जुना कोड मोडत असेल तर पहिला आकडा वाढतो, नवी सोय आली पण जुनं सगळं चालू राहिलं तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. एम्बेडेडमध्ये ‘मोडणं’ या शब्दाचा अर्थ जास्त रुंद घ्यावा लागतो. कंपाइल होतं का, एवढ्यावर भागत नाही. वरच्या उदाहरणात थांबण्याची ओळ काढून टाकली असती, तर १.४.२ नंतर थेट २.०.० यायला हवं होतं. जुनं फंक्शन राखून नवी दोन दिली, तर १.५.० पुरतं.

हा आकडा शोभेचा नाही. प्लॅटफॉर्मआयओ या बिल्ड करण्याच्या साधनात आवृत्तीआधी कॅरेटचं चिन्ह (^) लावलं, की १.४.२ च्या जागी १.५.० आपोआप चालते, २.०.० चालत नाही. म्हणजे दुसरा आकडा वाढवून मोडणारा बदल सोडला, तर तो कोणालाही न विचारता दुसऱ्याच्या पुढच्या बिल्डमध्ये जाऊन बसू शकतो.

सेटिंग्ज ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवणारी लायब्ररी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. नव्या फर्मवेअरला जुन्या मांडणीचे बाइट वाचायला मिळणार आहेत. मांडणीच्या सुरुवातीला तिच्या आवृत्तीचा एक बाइट पहिल्या दिवसापासून ठेवला असेल तर जुनं ओळखून नव्यात बदलता येतं. ठेवला नसेल तर या रिलीजमध्ये तरी ठेवा.

जागा मोजा, आणि आकडे लिहून ठेवा

एटीमेगा३२८पी या चिपमध्ये फ्लॅश (प्रोग्रॅम साठवायची मेमरी) ३२ केबी आहे आणि रॅम फक्त २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. तिथे लायब्ररीने बफर ६४ वरून २५६ बाइट केला, तर वापरणाऱ्याच्या रॅमपैकी १९२ बाइट एका फटक्यात गेले. त्याचा प्रोग्रॅम कडेलोटाला आला असेल तर स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या किमतींची जागा) खालच्या डेटावर चढतो आणि बोर्ड मध्येच रीसेट होतं किंवा वेड्यासारखं वागतं. तो माणूस आठवडाभर स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. त्याला लायब्ररीचा संशय येतच नाही, कारण त्याच्या लेखी तिथे काही बदललेलं नसतं.

म्हणून लायब्ररीसोबतच्या उदाहरणांपैकी एक ठरवून घ्या. तेच उदाहरण, तोच कंपाइलर, तेच ऑप्टिमायझेशन ठेवून जुन्या आणि नव्या आवृत्तीचं बिल्ड करा आणि टूलचेनमधल्या साइज या साधनाने मोजा. ते टेक्स्ट (कोड), डेटा (सुरुवातीची किंमत दिलेली चलं) आणि बीएसएस (शून्यापासून सुरू होणारी चलं) असे तीन आकडे देतं. फ्लॅशमध्ये टेक्स्ट अधिक डेटा, रॅममध्ये डेटा अधिक बीएसएस. डेटा दोन्हीकडे मोजला जातो, कारण त्याच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये साठतात आणि चालू होताना रॅममध्ये उतरतात. स्टॅक आणि हीप (चालू असताना मागून घेतलेली मेमरी) यात दिसत नाहीत. फंक्शनच्या आत मोठा ॲरे नव्याने आला असेल तर तो वेगळा नोंदवा.

एव्हीआरवर, म्हणजे एटीमेगा३२८पी ज्या कुळातली आहे त्या चिपांवर, डीबग संदेशांकडेही बघा. कोडमध्ये लिहिलेली साधी स्ट्रिंग तिथे रॅमही खाते. ४० अक्षरांचा संदेश म्हणजे शेवटच्या शून्यासकट ४१ बाइट. असे दहा संदेश झाले की रॅमचा पाचवा भाग संपला. आर्डुइनोचा एफ मॅक्रो लावून ते फ्लॅशमध्येच ठेवता येतात.

सगळ्या बोर्डांवर कंपाइल करा, निदान एकावर प्रत्यक्ष चालवा

कंपाइलचं काम सीआयवर (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या व्यवस्थेवर) टाका: एक ८ बिट एव्हीआर, एक कॉर्टेक्स-एम०, एक ईएसपी३२ अशा वेगवेगळ्या चिप, आणि सगळीकडे वॉर्निंग म्हणजे चूक अशी सक्ती. याने बरंच सापडतं, पण सगळं नाही. एव्हीआरवर इंट (साधा पूर्णांक) १६ बिटांचा असतो, त्याची कमाल ३२७६७. हजाराला साठाने गुणून मिनिटाचे मिलिसेकंद काढायला गेलात तर ईएसपी३२ वर ६०००० येतात आणि एव्हीआरवर हिशेब ओसंडतो. उलट, विषम पत्त्यावरून ३२ बिटांची किंमत थेट वाचणारा कोड एव्हीआरवर आणि बऱ्याचदा कॉर्टेक्स-एम४ वरही चालून जातो, पण कॉर्टेक्स-एम० वर हार्ड फॉल्ट (प्रोसेसरला अडकवणारी चूक) देतो.

वेळेचा हिशेब असेल तर मिलिसेकंदांचा ३२ बिटांचा मोजणारा (काउंटर) साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तेवढे दिवस कोणी बसून राहत नाही. चाचणीत वेळ देणारं फंक्शन बाहेरून पुरवता येईल अशी सोय करा आणि मोजणारा कमाल आकड्याच्या पाच सेकंद अलीकडे ठेवून सुरू करा.

यानंतर खरं बोर्ड टेबलावर घ्या. सेन्सरची वायर चालू असताना काढा, परत लावा. वीज तोडा, परत द्या. सिम्युलेटर इथपर्यंत क्वचितच पोचतो. रात्रभर चालू ठेवलेलं बोर्ड सकाळी काय सांगतं, हे बघितल्याशिवाय मी पहिला किंवा दुसरा आकडा वाढवत नाही. तुम्हीही वाढवू नये असं मला वाटतं.

बदलांची नोंद वापरणाऱ्यासाठी लिहा

‘किरकोळ दुरुस्त्या’ असं लिहिलेली नोंद कोणाच्याच कामाची नाही. वाचणाऱ्याला एकच प्रश्न असतो: मी ही आवृत्ती घेऊ का? त्याला उत्तर द्या. उदाहरणार्थ:

‘१.५.०. मोजणी सुरू करणारं आणि आकडा आणणारं अशी दोन नवी फंक्शन. जुनं वाचन फंक्शन पूर्वीसारखंच ७५० मिलिसेकंदांपर्यंत थांबतं. २.०.० मध्ये ते काढून टाकलं जाईल. एटीमेगा३२८पी वर फ्लॅश २१२ बाइटने, रॅम ४ बाइटने वाढली. सेन्सर मध्येच सुटल्यास लूप अडकत होता, तो दोष गेला.’

काढून टाकायचं ठरलेल्या फंक्शनवर कोडमध्येही डेप्रिकेटेडची (पुढे काढून टाकणार, अशी) खूण लावा, म्हणजे नोंद न वाचणाऱ्याला कंपाइलर सांगेल.

आकडा सगळीकडे बदला आणि टॅग मारा

आर्डुइनोची लायब्ररी.प्रॉपर्टीज फाइल, प्लॅटफॉर्मआयओची लायब्ररी.जेसन, ईएसपी-आयडीएफची घटक फाइल आणि हेडरमधला आवृत्तीचा मॅक्रो. यातला एक तरी विसरला जातोच, म्हणून चारही आकडे जुळतात का हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट सीआयमध्ये ठेवा. आर्डुइनोची सूची आवृत्ती वाचते ती फाइलमधून. टॅगचं नाव नवं आणि फाइलमधला आकडा जुना राहिला तर नवी आवृत्ती तिथे दिसणारच नाही. टॅगआधी आर्डुइनो-लिंट हे तपासणीचं साधन चालवलं तर फाइलमधल्या अशा बऱ्याच चुका आधीच कळतात.

हेडरमधल्या मॅक्रोचं मोल वेगळं आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘ॲम्नेशिया:३३’ या नावाने चार ओपन सोर्स टीसीपी/आयपी स्टॅकमधले (यंत्राला नेटवर्कशी जोडणाऱ्या लायब्ररींमधले) ३३ सुरक्षा दोष जाहीर झाले. हा कोड वर्षानुवर्षं इतक्या उत्पादनांत मिसळत गेला होता, की आपल्या यंत्रात तो आहे का हेच शोधणं मोठं काम होऊन बसलं. यंत्राने सुरू होताना लायब्ररीची आवृत्ती छापली, तर असा शोध एका ओळीत संपतो. सुरक्षेचा दोष कोणी कळवला तर दुरुस्ती तयार होईपर्यंत चर्चा खाजगीत ठेवा, आणि तसं कळवायचा रस्ता रीडमीमध्ये आधीच लिहून ठेवा.

टॅग संदेशासह मारा, शक्य असेल तर सही करून. एकदा सर्व्हरवर पाठवलेला (पुश केलेला) टॅग पुन्हा हलवू नका. कोणीतरी तो आधीच उतरवून घेतलेला असतो, आणि मग एकाच नावाचे दोन वेगळे कोड जगात फिरतात. मोठा बदल असेल तर आधी २.०.०-आरसी.१ (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची आवृत्ती) सोडा आणि नेहमीच्या वापरकर्त्यांना स्वतःच्या बोर्डावर चालवून बघायला वेळ द्या.

परक्यासारखी बसवून बघा

स्वच्छ संगणकावर किंवा रिकाम्या कंटेनरमध्ये, आपली रिपॉझिटरी न वापरता, लायब्ररी मॅनेजरमधून नवी आवृत्ती उतरवा आणि उदाहरण कंपाइल करा. फाइल पॅकेजमधून गळणं, फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर लिनक्सवर न जुळणं, हे इथेच सापडतं.

काही चुकलंच तर

बाहेर गेलेली आवृत्ती गुपचूप बदलू नका. १.५.० मध्ये दोष निघाला तर तो बदल मागे घेऊन १.५.१ काढा आणि १.५.० च्या नोंदीत वरच ‘ही वापरू नका’ असं कारणासह लिहा.

जुन्या मालिकेवर राहिलेल्यांचाही विचार करा. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालेल्या उपकरणात २.०.० घालायची तर कित्येकदा तपासणी नव्याने करावी लागते, म्हणून ते लोक वर्षानुवर्षं १.४ वरच थांबतात. त्यांच्यासाठी १.४.२ च्या टॅगवरून शाखा काढा, नेमकी तेवढीच दुरुस्ती चेरी-पिक करून (मुख्य शाखेतून तेवढाच बदल उचलून) आणा, बोर्डावर चालवा, जागा पुन्हा मोजा आणि १.४.३ सोडा. या शाखेत नवी सोय कोणी कितीही आग्रहाने मागितली तरी घेऊ नका. १.x ला दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील तेही रीडमीमध्ये लिहा, आणि ती तारीख पाळता येईल अशीच निवडा.