वाकलेला गिंबल आणि घाईचे हात : या चुका टाळा

ड्रोन फांदीला अडकून खाली आला, कॅमेरा एका बाजूला कलला, की पुढची पाच मिनिटं कशी जाणार ते ठरलेलं असतं. बॅटरी चालू. स्क्रीनवर ‘गिंबल मोटर ओव्हरलोड’, म्हणजे कॅमेरा तोलून धरणाऱ्या मोटरांच्या जोडणीवर जादा ताण. मग कॅलिब्रेशन, म्हणजे ॲपमधून गिंबलची पातळी पुन्हा जुळवणं. ते मध्येच अडकलं की पुन्हा कॅलिब्रेशन. तिसऱ्या खेपेला मोटर हाताला चटका देण्याइतकी गरम.

कॅलिब्रेशननं धातू सरळ होत नाही. एवढं साधं वाक्य पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पातळी ओळखणारा सेन्सर कॅमेऱ्याबरोबर फिरतो, म्हणून आर्म (मोटरांना जोडणारा धातूचा दांडा) थोडा वाकला असला तरी मोटर क्षितिज ओढूनताणून सरळ ठेवते आणि चित्र बरं दिसतं. त्याचा भुर्दंड मोटरवर पडतो. कॅमेऱ्याचं वजन अक्षावरून सरकलेलं असतं, ते तोलून धरायला तिला सतत जोर लावावा लागतो. ॲपमध्ये हातानं क्षितिज जुळवणं म्हणजे तर दुखणं झाकणं.

आधी बॅटरी काढा, गिंबलवरचं कव्हर काढा आणि कॅमेरा एका बोटानं अलगद फिरवा. डीजेआय मिनी २ या लहान ड्रोनमध्ये पिच (वर-खाली झुकणं) खाली ११०° आणि वर ३५°, रोल (बाजूला कलणं) दोन्हीकडे ३५°, यॉ (डावी-उजवीकडे वळणं) दोन्हीकडे २०° जायला हवं. एकाच जागी घासत असेल तर आर्म वाकून कुठेतरी टेकतोय. पूर्ण फेरीत खरखर असेल तर बेअरिंग गेलंय किंवा आत वाळू आहे. कॅमेरा लुळा लोंबत असेल तर स्क्रू निसटलाय, नाहीतर आर्मला तडा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर ड्रोन पडला असेल तर वाळूचा संशय आधी घ्या. तिथल्या काळ्या वाळूतले लोहखनिजाचे कण मोटरच्या चुंबकांना चिकटतात. फुंकर मारून ते निघत नाहीत, कॉम्प्रेसरची हवा तर त्यांना आणखी आत ढकलते. टूथपिकच्या टोकाला दुहेरी चिकटपट्टी गुंडाळून एकेक उचलावे लागतात. अर्धा तास जातो. जाऊ द्या.

आता पक्कड. मिनी २ चा नेहमीचा किस्सा सांगतो. तीन मीटरवरून पडलेला, रोल मोटरपासून पिच मोटरकडे जाणारा आर्म जेमतेम आठ-दहा अंश वाकलेला. मालकानं एका हातात कॅमेरा धरला, दुसऱ्या हातानं आर्म पकडीत धरून जागच्या जागी सरळ केला. दिसायला झक्क. पण तो सगळा जोर रोल मोटरच्या दाण्याएवढ्या बेअरिंगमधून आणि शाफ्टमधून गेला. पहिल्या उड्डाणात दोन मिनिटं चित्र स्थिर, मग थरथर, मग ओव्हरलोड. उघडल्यावर दिसतं की पकडीच्या दातांखाली रिबन केबललाही (कॅमेऱ्याकडे जाणारी पातळ, चपटी वायर) घडी पडली आहे. घडीतल्या तांब्याच्या रेषा अर्धवट तुटतात, म्हणून कॅमेरा समोर बघताना चित्र येतं आणि खाली वाकवला की काळं होतं. काम होतं फक्त आर्मचं. आता मोटर, केबल आणि आर्म तिन्ही.

आर्म सरळ करायचाच तर मोटरपासून सोडवून करा. काचेच्या तुकड्यावर ठेवून फट कुठे राहते ते बघा. बेंच व्हाइसच्या जबड्यात लाकडाच्या पट्ट्या घालून धरा आणि थोडं थोडं दाबा. धातू किंचित माघारी येतो, म्हणून हवं त्याहून केसभर जास्त. एकदाच. हा हलका मिश्रधातू पुन्हा वाकवला की वाकाच्या बाहेरच्या अंगाला चीर पडते. भिंगातून दिसली तर आर्म फेकून द्या. गरम करून वाकवायचा सल्ला ऐकू नका. मोटर लावलेली असताना उष्णता दिली तर चुंबकं कमजोर होतात, चिकटवलेली केबल सुटते.

केबल आर्मला चिकटवलेली असते. नखानं ओढू नका. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडा, मिनिटभर थांबा, प्लॅस्टिकच्या पातीनं उचला. उघडण्याआधी तिच्या प्रत्येक वळणाचा फोटो काढा. वळण उलटं बसलं तर केबलच कॅमेऱ्याला मागे खेचते.

स्क्रू निघतील त्या क्रमानं कागदावर टेपनं चिकटवा. मोटरच्या भोकात एक मिलिमीटर लांब स्क्रू गेला तरी तो तांब्याच्या वेटोळ्याला भिडू शकतो. स्क्रूड्रायव्हर डोक्यात घट्ट बसणाराच घ्या, एकदा डोकं घासलं की ड्रिलशिवाय इलाज नाही. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद) निळा, टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच, आणि फक्त धातूत धातू बसतो तिथे. प्लॅस्टिकला त्यानं तडे जातात.

फेविक्विक लेन्सजवळ नको. वाफेचा पांढरा थर काचेवर बसतो.

रबरी डँपर (थरथर शोषून घेणारे रबराचे तुकडे) टोकदार चिमट्यानं ओढू नका. फाटले तर चित्र जेलीसारखं हलतं आणि लोक बिचाऱ्या मोटरला दोष देतात.

भारतात फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. म्हणून दुसऱ्या ड्रोनमधून काढलेले अख्खे गिंबल बाजारात फिरतात आणि ‘सगळंच बदलून टाकू’चा मोह होतो. शक्यतो आर्म आणि केबलच बदला, आपला कॅमेरा आणि बोर्ड ठेवा. बऱ्याच मॉडेलांत मोटर किंवा बोर्ड बदलला की सर्व्हिस सेंटरच्या सॉफ्टवेअरनं जुळवणी करावी लागते, ती ॲपमधून होत नाही.

जोडून झालं की बोटाची चाचणी पुन्हा. मग पंखे न लावता, सपाट टेबलावर बॅटरी चालू करा. आता कॅलिब्रेशन, एकदा. पाच मिनिटं कॅमेरा वर-खाली करा, बॅटरी बंद करून तिन्ही मोटरांना बोट लावा. एकच मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तिच्या बाजूचा आर्म अजून वाकडा आहे किंवा केबल ताणली गेली आहे. पंखे बाजूलाच ठेवा आणि पुन्हा उघडा.